वाडे त्यांचे उभे राहतात, आपल्या शाळा का पडतात?

मढला राहणाऱ्या माणसाला 'जुना वाडा' उभा राहताना बघायची सवय असते. मढ-मार्वे रस्त्यालगतच्या मोकळ्या प्लॉटवर आठ-दहा दिवस ठोकाठोक चालते आणि मग तिथे दिंडी दरवाजा, कोरीव खांब, तुळशी वृंदावन, माडीचा सज्जा असे सगळे थाटात उभे राहते. मालिका संपली की एका रात्रीत मोडतात. प्लाय एका टेम्पोत, पीओपीचा चुरा दुसऱ्या टेम्पोत. जो वाडा कधी नव्हताच, तो महाराष्ट्राच्या घराघरांत वर्षभर दिसतो आणि लोक म्हणतात, "किती छान जुने घर आहे!"

हे वाडे उभारणारे सुतार, रंगारी, वेल्डर बहुतेक मालवणी आणि मढच्याच वस्त्यांमधले. आमच्या गटातले दोघे हेच काम करतात. आठवडाभर ते खोट्या वाड्याला खोटी वाळवी लागल्यासारखी रंगवतात आणि रविवारी आमच्याबरोबर येऊन एका खऱ्या खोलीची खरी वाळवी काढतात.

या लेखाचे निमित्त ती खोली आहे. विषय मात्र तिच्यापेक्षा मोठा आहे.

खोली म्हणजे फार काही नाही. चार भिंती, मंगलोरी कौले, पुढे ओटा, आत एक लाकडी कपाट आणि भिंतीवर बाबासाहेबांची काळवंडलेली तसबीर. आमच्या आजोबांच्या पिढीने ती श्रमदानातून बांधली. दिवसा कामाला जाणारी माणसे रात्री तिथे कंदिलाखाली अक्षरे गिरवायची. वस्तीतल्या कित्येक बायकांनी स्वतःची सही पहिल्यांदा तिथेच केली. पुढे शेजारी विहार झाला आणि खोलीत भांडी, सतरंज्या, जयंतीचे झेंडे ठेवू लागले. आता आढे वाकले आहे आणि वळचणीला वासे कुजले आहेत. वस्तीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, खोली पाडायची आणि निधीतून दोन मजली आरसीसी सभागृह बांधून घ्यायचे, ज्यावर अर्थातच निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी असेल. दोन, आहे ती खोली दुरुस्त करून तिथे पुन्हा अभ्यासिका सुरू करायची. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. पण पहिल्या बाजूचे लोक आमचे शत्रू नाहीत, आमचेच काका आणि मावश्या आहेत. म्हणून आमची भूमिका नीट मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

पुण्यातल्या दोन इमारती

सुरुवात पुण्यापासून करू. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास राहण्यासाठी बांधला. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. १८२१ मध्ये इंग्रजांनी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. म्हणजे राज्य गेले तरी ज्ञानाचा दरवाजा कोणासाठी उघडायचा याचा नियम तोच राहिला.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेत भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. या कामापायी पुढच्याच वर्षी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. १८५२ मध्ये सरकारने जोतिरावांचा जाहीर सत्कार केला तो याच विश्रामबागवाड्यात. ज्या वाड्यात शूद्राला शिकायला जागा नव्हती, तिथे शूद्रांना आणि स्त्रियांना शिकवणाऱ्याचा गौरव झाला. एवढा मोठा बदल फक्त चार वर्षांत त्या छोट्या शाळेने घडवला होता.

आज या दोन्ही इमारतींचे काय झाले आहे? विश्रामबागवाडा उभा आहे. महापालिकेने त्याचे जतन केले, कोरीव लाकूडकाम सावरले, पर्यटक फोटो काढतात. भिडेवाडा नाही. तळाला दुकाने, वर ढासळणाऱ्या भिंती, अनेक वर्षे चाललेला भाडेकरूंचा आणि महापालिकेचा कोर्टातला वाद. फुले-आंबेडकरवादी संघटना दरवर्षी ३ जानेवारीला त्याच्यासमोर रस्त्यावर उभ्या राहून अभिवादन करत राहिल्या, कारण आत जायला जागाच नव्हती. २०२३ च्या अखेरीस न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबरच्या एका रात्री जुना वाडा पाडण्यात आला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. ते व्हावे, चांगले व्हावे. पण ज्या उंबऱ्यावरून पहिल्या मुली आत गेल्या, तो उंबरा आता कोणत्याही स्मारकात परत येणार नाही.

इथे भाबडेपणाने "सरकारने दुर्लक्ष केले" एवढेच म्हणून थांबता येत नाही. विश्रामबागवाडा सागवानी आहे, दगडी आहे, सत्ताधाऱ्याच्या पैशाने बांधला आहे. तो टिकण्यासाठीच बांधला होता. फुल्यांची शाळा दुसऱ्याच्या वाड्यात, मिळालेल्या जागेत भरली. शोषितांचा इतिहास बहुतेक वेळा मागून घेतलेल्या जागेतच घडतो. भाड्याची खोली, चाळ, ओटा, झाडाचा पार. त्या जागेचा सातबारा आपल्या नावावर नसतो. म्हणून ती जागा आधी मोडकळीला येते, मग 'धोकादायक' ठरते आणि शेवटी पाडली जाते. मालकी आणि स्मृती यांचा संबंध असा सरळ आहे.

परळची खोली

याचा आपल्यासाठी सर्वांत जवळचा पुरावा परळला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कामगारांसाठी त्याने ज्या चाळी बांधल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले.

ही बावीस वर्षे कोणती होती ते आठवून बघा. सुभेदार रामजींचा मृत्यू १९१३ मधला. कोलंबियाला जाणे आणि १९१७ मध्ये परत येणे, 'मूकनायक', लंडनचे शिक्षण, १९२४ मधली बहिष्कृत हितकारिणी सभा, सोलापूरचे वसतिगृह, १९२७ चा महाड, 'बहिष्कृत भारत', काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार. बाबासाहेब परदेशात असताना माता रमाईने याच चाळीत संसार ओढला. लेकरे गेल्याचे दुःख याच भिंतींनी पाहिले. राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले ते परळच्या वस्तीतच. भारताच्या सामाजिक क्रांतीचे मुख्यालय म्हणजे सार्वजनिक नळ आणि सामायिक संडास असलेल्या चाळीतल्या दोन खोल्या होत्या.

त्यानंतर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. कर्ज काढून. घराची आखणी करताना त्यांच्या डोक्यात पहिली गोष्ट होती पुस्तके. खाली राहायची जागा, वर ग्रंथालय. त्याच काळात बांधलेली 'चार मिनार' ही दुसरी इमारत त्यांनी पुढे विकली, राजगृह मात्र पुस्तकांसाठी ठेवले. ७ जुलै २०२० रोजी या घराच्या आवारात घुसून काचा आणि कुंड्या फोडल्या गेल्या, तेव्हा आपल्याला जो संताप आला तो कुंड्यांसाठी नव्हता. ज्या घराने आपल्याला वाचायला शिकवले, त्या घरावर तो हल्ला होता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हॉलब्वाक्स यांनी १९२५ मध्ये सामूहिक स्मृतीचा सिद्धांत मांडला. साध्या भाषेत तो असा की, माणूस एकटा आठवत नाही. त्याचा समाज, त्याच्या जागा, त्याच्या रोजच्या वाटा त्याला आठवायला मदत करतात. जागा गेली की आठवणीचा आधार जातो. ही गोष्ट आम्ही एमएच्या वर्गात शिकलो. वस्तीतल्या आजीला ती वर्गात न जाता कळते. ती खोलीच्या ओट्यावर बसली की बोलू लागते, घरात बसवून विचारले तर म्हणते, "काय आठवत नाय बाबा आता."

जतन कोणी केले?

आपल्या चळवळीत जतनाचे काम पहिल्यांदा तज्ज्ञांनी केले नाही, कार्यकर्त्यांनी केले. नागपूरचे वामनराव गोडबोले हे त्याचे उदाहरण. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षा समारंभाच्या आयोजनात त्यांचा मोठा वाटा होता. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर दिल्लीतले त्यांचे सहकारी नानकचंद रत्तू यांच्याकडून बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू गोडबोलेंकडे आल्या. कपडे, टोप्या, टाइपरायटर. नागपूरजवळच्या चिचोली इथल्या शांतिवनात त्या ठेवल्या गेल्या. वातानुकूलित दालन नव्हते, पगारी अभिरक्षक नव्हते. कापडाला कसर लागते, कागद पिवळा पडतो, लोखंड गंजते. पुढे शास्त्रीय जतनासाठी सरकारी मदत आली. पण ती येईपर्यंत वस्तू शिल्लक राहिल्या त्या कोणाच्या तरी रोजच्या झाडलोटीमुळे. सरकार जे शिल्लक असते त्यालाच मदत देऊ शकते. शिल्लक ठेवणे हे काम आपले.

याच्या उलट अनुभव दादरचा. आंबेडकर भवन आणि त्या आवारातली बुद्धभूषण प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटे पाडली गेली. 'प्रबुद्ध भारत'च्या इतिहासाशी जोडलेली ती प्रेस. विश्वस्तांचे म्हणणे होते की इमारत धोकादायक आहे आणि त्या जागी मोठे, उंच, नवे भवन उभे करायचे आहे. १९ जुलैला लाखांच्या घरातला जनसमुदाय मुंबईच्या रस्त्यावर उतरला. त्या वादातल्या बाजूंमध्ये आम्ही इथे जात नाही. आम्हाला त्यातून दिसलेली गोष्ट एवढीच आहे: पाडणारे हात नेहमी परक्यांचेच असतील असे नाही. 'नवे आणि भव्य' या शब्दांची भुरळ आपल्या माणसांनाही पडते. आणि पाडल्यावर मोर्चा कितीही मोठा निघाला, तरी पाडण्याआधीच्या दहा वर्षांत तिथे महिन्यातून एकदा झाडू मारायला किती जण जात होते, हा प्रश्न राहतोच. तो प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो.

न्यूयॉर्कची चार घरे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकत होते. त्याच शहराच्या ब्रुकलिन भागातली एक गोष्ट आपल्या तरुणांनी वाचावी अशी आहे. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ मध्ये संपली. त्यानंतर ११ वर्षांनी, १८३८ मध्ये जेम्स वीक्स नावाच्या काळ्या गोदी कामगाराने ब्रुकलिनमध्ये जमीन विकत घेतली. जमीन घेण्यामागे मोठे कारण होते. त्या राज्यात काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता लागत असे. गोऱ्यांना ही अट नव्हती. म्हणून मुक्त काळ्या लोकांनी तिथे जमिनी घेतल्या, घरे बांधली, शाळा काढली, वर्तमानपत्र काढले. वस्तीचे नाव वीक्सव्हिल पडले. पुढे शहर वाढले आणि ही वस्ती लोकांच्या आठवणीतूनही पुसली गेली.

१९६८ मध्ये जेम्स हर्ली हे अभ्यासक आणि जोसेफ हेन्स हे वैमानिक यांनी छोट्या विमानातून त्या भागाची पाहणी केली. चौकोनी आखलेल्या आधुनिक रस्त्यांमध्ये एक जुनी वाकडी गल्ली आणि तिच्या कडेला चार लाकडी घरे त्यांना दिसली. आजूबाजूला पाडकाम चालू होते. तिथल्या रहिवाशांनी, शाळेतल्या मुलांनी उत्खननाला हात लावला, वर्गणी जमवली. जोन मेनार्ड या बाईंनी आयुष्याची अनेक वर्षे या कामाला दिली. १९७० मध्ये त्या घरांना शहराच्या वारसा वास्तूंचा दर्जा मिळाला. ती घरे आजही उभी आहेत आणि शाळेची मुले तिथे आपल्या पूर्वजांचा इतिहास शिकतात.

ती घरे राजवाडे नव्हती. आपल्या कौलारू खोलीसारखीच साधी लाकडी घरे होती. वारसा म्हणजे भव्यता ही व्याख्या त्या मुलांनी मोडली. आपल्यालाही ती मोडावी लागेल.

आक्षेप आणि उत्तरे

आता आमच्या काकांचे आक्षेप. ते आम्ही टाळत नाही.

पहिला आक्षेप: "आयुष्य गळक्या छपराखाली गेले. आता पक्के मिळतेय तर तुम्ही कौलेच धरून बसणार? जुन्याचे कौतुक हे फ्लॅटवाल्यांचे चोचले." या बोलण्यात सत्य आहे. गरिबीचे सौंदर्य रंगवणे हा आपला धंदा नाही. बीआयटी चाळीत बाबासाहेबांच्या नंतरही सामान्य माणसांचेच संसार चालत आले, आणि स्मारकाच्या नावाखाली एकाही कुटुंबाला बेघर केले तर ते बाबासाहेबांच्या विचाराविरुद्ध होईल. राहत्या घराचा प्रश्न असता तर आम्ही सगळ्यांत आधी पक्क्या घराच्या बाजूने उभे राहिलो असतो. पण ही खोली कोणाचे राहते घर नाही. सभागृहासाठी विहाराच्या मागची पत्र्याची शेड आहे. ती पाडून तिथे बांधता येते. दोन्ही होऊ शकते.

दुसरा आक्षेप: "भिंतीची पूजा करणे म्हणजे मूर्तिपूजाच." हाही योग्य इशारा आहे. कुलूप लावून, रंग देऊन, वर्षातून दोनदा हार घालायचा असेल तर खोली पडलेली बरी. आपल्या दारातला बौद्ध वारसा याबाबत काय सांगतो ते बघा. कान्हेरीची लेणी इथून दूर नाहीत. तिथले शिलालेख राजांपेक्षा जास्त करून व्यापारी, गृहस्थ, भिक्खुणी यांच्या दानाच्या नोंदी आहेत. कोणी पाण्याची पोढी खोदून दिली, कोणी बसायचे बाक. नवव्या शतकातल्या, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या एका लेखात दानाची रक्कम वाटून दिली आहे: विहाराच्या दुरुस्तीसाठी इतकी, भिक्खूंच्या चीवरांसाठी इतकी, पुस्तकांसाठी इतकी. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या लोकांना कळले होते की छप्पर, माणसे आणि पुस्तके या तिन्हींचा खर्च एकत्रच मांडावा लागतो. एकाला वगळले की उरते ते नुसते भग्नावशेष.

तिसरा आक्षेप पैशाचा. याला आमचे उत्तर तपशिलाने आहे, कारण इथे भावनेचा काही उपयोग नाही. मढची हवा खारी. स्वस्तातल्या आरसीसीत पाणी मुरले की सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे पडतात. आपल्या वस्तीतली अशी कितीतरी बांधकामे वीस-पंचवीस वर्षांत टेकू लावून उभी आहेत. कौलारू छपराचे तसे नाही. कुजलेला वासा बदलता येतो, फुटलेले कौल बदलता येते, दरवर्षी पावसाआधी घर शाकारले की झाले. भिंतीचा जुना चुना खरवडून वर सिमेंट थापले तर ओल आत अडकते. चुन्याचाच गिलावा केला तर भिंत सुकते. हे आम्हाला कोणा वास्तुतज्ज्ञाने सांगितले नाही. वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या गवंडी काकांनी ओट्यावर बसून सांगितले. दुसऱ्यांचे बंगले बांधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याकडे हे ज्ञान आहे. त्यांना कधी कोणी तज्ज्ञ म्हटले नाही, एवढेच.

शिवाय कायद्याचा भाग आहे. हा किनारपट्टीचा पट्टा आहे. जुने बांधकाम पाडले की त्या जागी नवे उभारण्याची परवानगी मिळवणे सोपे नसते. निधीचे आश्वासन निवडणुकीपर्यंत टिकते, मोकळी झालेली जागा मात्र कोणाच्याही डोळ्यांत भरते. खोली उभी असणे हाच आज आपल्या ताब्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

आम्ही काय करतो आहोत

आतापर्यंत सहा रविवार काम झाले. भांडी आणि सतरंज्या विहारात हलवल्या. कपाटातून वाळवीने अर्धवट खाल्लेली एक वही निघाली. रात्रीच्या वर्गाची हजेरी. अनेक नावांपुढे आधी अंगठा आणि काही पानांनंतर त्याच नावापुढे सही आहे. त्यातल्या एका मावशींना आम्ही वही दाखवली. त्यांनी बराच वेळ स्वतःच्या सहीवर बोट ठेवले आणि मग विचारले, "खोली पाडणार म्हणता ती हीच ना?" त्या पहिल्या बाजूच्या होत्या. पुढच्या रविवारी त्या कौले धुवायला आल्या.

आमची इतर वस्त्यांतल्या मित्रांना विनंती आहे. आपापल्या वस्तीत अशी एक जागा शोधा. पहिली शाखा भरली तो पार, पहिली जयंती झाली ते मैदान, रात्रशाळा भरली ती खोली. तिचे फोटो काढा, मोजमाप लिहून ठेवा. जुन्या माणसांना त्या जागेवर बसवून त्यांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा. वीजबिल, कराच्या पावत्या, जुन्या वर्गणीच्या वह्या एका फाइलमध्ये लावा, कारण उद्या प्रश्न येईल तो कागदाचा येईल. आणि दुरुस्ती सुरू करायच्या दिवशीच तिथे पुस्तकांचे एक कपाट ठेवा. छप्पर पूर्ण व्हायची वाट बघू नका.

वस्तीची बैठक पुढच्या पौर्णिमेला आहे. निर्णय बहुमताने होईल आणि तो आम्ही मानू. निर्णय विरुद्ध गेला, तर ती वही, तो उंबरा आणि जुनी कौले आम्ही नव्या सभागृहात नेऊ. पण तोपर्यंत रविवारचे काम चालू राहील. पावसाआधी शाकारणी व्हायला हवी. समोरच्या प्लॉटवर नव्या मालिकेचा वाडा उभा राहतो आहे. आमचे दोघे सुतार तिथून सुटले की संध्याकाळी इकडे येतात. तिथल्या खांबांना ते म्हातारे दिसण्याचा रंग देतात आणि इथल्या आढ्याला खऱ्या सागाचा जोड.

जय भीम! नमो बुद्धाय!